मसीहाची पारख

यहुदी लोक शतकानुशतके मसीहाची, म्हणजे देवाने अभिषेक केलेल्या मुक्तिदात्याची, वाट पाहत होते आणि तो प्रत्यक्ष समोर आला तेव्हा त्यांनी त्याला ओळखले नाही, हे विधान आपल्याकडे इतक्या सहजपणे केले जाते की त्यात एक आरोप दडलेला आहे याचे भानही राहत नाही. ते प्रवचनांत ऐकू येते, येशूच्या लोकप्रिय चरित्रांत वाचायला मिळते आणि ज्यांचा ख्रिस्ती धर्माशी काही संबंध नाही अशांच्या बोलण्यातही येते. युरोपात या आरोपाने किती भीषण वळण घेतले ते सर्वांना ठाऊक आहे. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने येशूच्या मृत्यूचा दोष त्या काळच्या सरसकट सर्व यहुद्यांवर किंवा आजच्या यहुद्यांवर ठेवता येणार नाही असे जाहीर केले, आणि ते आवश्यकच होते. पण खुनाचा आरोप मागे घेतला गेला तरी आंधळेपणाचा आरोप शिल्लकच राहिला. त्याच्या उलट बाजूचाही एक आरोप आहे, तो विवेकवादी मंडळी करतात: कुणीही उठून स्वतःला मसीहा म्हणवावे आणि भोळ्या लोकांनी त्याच्या मागे धावावे, असा तो काळ होता म्हणे.

हे दोन्ही आरोप मला चुकीचे वाटतात, आणि ते एकाच कारणाने चुकीचे आहेत. मसीहा असल्याचा दावा ही त्या समाजात खासगी श्रद्धेची बाब नव्हती. तो एक सार्वजनिक दावा होता, त्याला एक ठरलेले काम जोडलेले होते, आणि ते काम झाले की नाही हे कुणालाही डोळ्यांनी पाहता येण्यासारखे होते. अडचण एवढीच होती की काम पुरे होण्याआधीच, म्हणजे पुरावा हाती नसतानाच, बाजू निवडावी लागे. या कोंडीत सापडलेली समंजस माणसे वेगवेगळ्या निर्णयांवर आली. त्यांतील काहींनी जीव गमावला, काहींनी इतरांचे जीव वाचवले, आणि कोण बरोबर होते हे बहुतेक वेळा सगळे संपल्यावरच कळले.

मुळात अपेक्षा काय होती, हे आधी पाहिले पाहिजे. सर्वांना मान्य असलेले असे एकच मसीहाचे चित्र नव्हते. नाथान संदेष्ट्याने इस्राएलचा राजा दावीद याला दिलेले वचन, की तुझे सिंहासन कायम राहील, हा एक धागा होता, पण इ.स.पू. ५८६ मध्ये बाबेलच्या सैन्याने यरुशलेम उद्ध्वस्त केल्यानंतर ते सिंहासनच उरले नव्हते. यशयाच्या ग्रंथात तर देवाचा ‘अभिषिक्त’ असा गौरव चक्क कोरेश या इराणी सम्राटाच्या वाट्याला आला आहे, कारण बंदिवासातील यहुद्यांना त्याने परत जाऊ दिले. मृत समुद्राच्या काठी कुमरान येथे सापडलेल्या गुंडाळ्यांमध्ये एक नव्हे, दोन मसीहांची वाट पाहणारे लोक भेटतात: एक अहरोनाच्या वंशातला याजक आणि एक इस्राएलचा राजा. सदूकी पंथाच्या श्रीमंत याजकवर्गाला या विषयात विशेष रस होता असे दिसत नाही. आणि अलेक्झांड्रिया, बाबेल, रोम अशा ठिकाणी राहणाऱ्या असंख्य यहुद्यांच्या कानांवर गालीलातल्या एखाद्या दावेदाराचे नावही कधी पडले नसेल. ‘यहुद्यांनी नाकारले’ हे वाक्य उच्चारताना नेमके कोणते यहुदी डोळ्यांसमोर असतात, हा प्रश्न म्हणूनच अगदी प्राथमिक आहे.

तरीही या विविधतेच्या तळाशी एक समान गाभा होता. इ.स.पू. ६३ मध्ये रोमन सेनापती पाँपे यरुशलेममध्ये घुसला आणि मंदिराच्या परमपवित्र गाभाऱ्यात जाऊन उभा राहिला. त्या अपमानानंतर रचल्या गेलेल्या ‘शलमोनाची स्तोत्रे’ या संग्रहातील सतरावे स्तोत्र दावीदाच्या पुत्राची याचना करते, आणि त्याने काय करावे हेही स्पष्टपणे सांगते: परकीयांना यरुशलेममधून घालवावे, विखुरलेल्या लोकांना एकत्र करावे, न्यायाने राज्य करावे. त्याचा भरवसा घोडे, स्वार आणि धनुष्य यांवर नसेल असेही ते स्तोत्र म्हणते, त्यामुळे तो केवळ यशस्वी सेनापती असावा अशी अपेक्षा नव्हती. पण तो येऊन गेल्यावर जग जसेच्या तसे राहील, रोमन करवसुली चालूच राहील, मंदिरावर परक्यांची नजर तशीच राहील, ही कल्पना त्या स्तोत्राच्या वाचकाला निरर्थक वाटली असती.

येथे चमत्कारांचा मुद्दा येतो, आणि माझ्या मते सर्वांत जास्त गैरसमज याच ठिकाणी आहे. एवढे चमत्कार पाहूनही त्यांनी विश्वास ठेवला नाही, असे म्हणणारा माणूस चमत्कार हा पुरावा असतो असे गृहीत धरतो. मोशेच्या नियमशास्त्राने ते गृहीत धरलेले नाही. बायबलातील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात नेमका हाच प्रसंग कल्पिलेला आहे: एखादा संदेष्टा चिन्ह सांगतो, ते चिन्ह खरेही ठरते, आणि मग तो दुसऱ्या देवांकडे चला म्हणतो. अशा माणसाचे ऐकू नका, ती तुमची परीक्षा आहे, असा तेथे आदेश आहे. चिन्ह खरे ठरले तरी प्रश्न मिटत नाही; चिन्ह दाखवणारा कोणत्या दिशेने नेतो आहे हे पाहायचे असते. त्यामुळे आजार बरे करणाऱ्या माणसाकडे पाहून, ही शक्ती कोणाची, असा प्रश्न विचारणारा परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोरपणे पाळणाऱ्या पंथाचा माणूस, आडमुठेपणा करत नव्हता. तो आपल्या धर्मशास्त्राने घालून दिलेली तपासणी करत होता.

उलट लोक ज्या चिन्हांच्या मागे गेले ती पाहिली तर त्यांची निवड मुळीच आंधळी नव्हती हे लक्षात येते. फादुस हा रोमन अधिकारी असताना, इ.स. ४४ ते ४६ च्या सुमारास, थुदास नावाच्या माणसाने लोकांना यार्देन नदीकडे नेले आणि आपल्या शब्दाने पाणी दुभंगेल असे सांगितले. पुढे फेलिक्सच्या कारकिर्दीत इजिप्तहून आलेल्या एकाने जैतुनाच्या डोंगरावर जमाव नेला आणि आपल्या आज्ञेने यरुशलेमचे तट कोसळतील असे सांगितले. जोसीफस हा यहुदी इतिहासकार त्याच्या अनुयायांचा आकडा तीस हजार देतो, तर ‘प्रेषितांची कृत्ये’ चार हजार. नदी दुभंगणे आणि तट कोसळणे, या दोन्ही गोष्टी मोशेनंतरचा नेता यहोशवा याच्या कथेतल्या आहेत: यार्देन ओलांडली आणि यरीहो पडले तेव्हा देश मिळाला होता. या दावेदारांनी नवलाईची जादू दाखवण्याचे वचन दिले नव्हते. देश परत मिळण्याचा इतिहास जेथून सुरू झाला होता तेथूनच तो पुन्हा सुरू करण्याचे वचन दिले होते. ऐकणाऱ्याला ते पटले असेल तर त्यात त्याच्या स्मरणशक्तीचा वाटा भोळेपणापेक्षा मोठा होता. थुदासचा शिरच्छेद झाला. इजिप्तवाला निसटला आणि त्याचे लोक मारले गेले.

ही शेवटची वाक्ये आपण इतिहास म्हणून वाचतो, पण त्या काळच्या खेडुताला ती हिशेबात धरावी लागत. इ.स.पू. ४ मध्ये रोमनांचा मांडलिक राजा हेरोद मेला आणि तीन ठिकाणी तीन जणांनी राजेपणाचा आव आणला: गालीलात हिज्कीयाचा मुलगा यहूदा, पेरियात हेरोदाचा गुलाम शिमोन, आणि यहूदियात अथ्रोंगेस नावाचा धिप्पाड मेंढपाळ. सिरियाचा राज्यपाल वारुस सैन्य घेऊन उतरला. जोसीफसच्या म्हणण्यानुसार सेफोरिस शहर जाळले गेले, तेथील लोक गुलाम म्हणून विकले गेले आणि सुमारे दोन हजार माणसांना वधस्तंभांवर चढवले गेले. सेफोरिसपासून नासरेथ दोन तासांच्या चालीवर आहे. येशूच्या पिढीतील गालीली माणसाने, मसीहा आल्याची बातमी कानी पडताच, आपल्या आईबापांनी पाहिलेले ते दृश्य आठवले नसेल असे मानणे अवघड आहे. योहानाच्या शुभवर्तमानात यरुशलेमच्या सभेची चिंता एका वाक्यात येते: याला असेच चालू दिले तर रोमन येतील आणि आपले स्थान व आपले राष्ट्र दोन्ही घेतील. महायाजक कयफाच्या तोंडचे पुढील उत्तर, एका माणसाने लोकांसाठी मरावे हे बरे, आपल्याला निर्दय वाटते, आणि ते निर्दयच आहे. पण त्या चिंतेत तथ्य नव्हते असे, इ.स. ७० मध्ये रोमनांनी यरुशलेम आणि मंदिर उद्ध्वस्त केले हे माहीत असलेल्या कुणालाही म्हणता येणार नाही.

आता ज्यांच्याकडे गमावण्यासारखे होते त्यांनी नाकारले आणि ज्यांच्याकडे काही नव्हते त्यांनी स्वीकारले, असा सरळ वर्गीय हिशेब मांडण्याचा मोह होतो. त्यात अर्धे सत्य आहे. इ.स. ६६ च्या बंडात बंडखोरांनी यरुशलेममधील कर्जाच्या दस्तऐवजांचे दफ्तर पेटवून दिले, ते उगाच नव्हे. परंतु त्याच बंडाची ठिणगी मंदिरातील एका उच्चकुलीन याजकाने, हनन्याचा मुलगा एलाजार याने, सम्राटासाठी होणारे यज्ञ थांबवून टाकली होती. आणि त्याच वर्षी गालीली यहूदाच्या घराण्यातील मनाहेम जेव्हा राजवस्त्रे लेवून, सशस्त्र अनुयायांसह मंदिरात शिरला, तेव्हा त्याला ठार करणारे रोमन नव्हते, श्रीमंत तडजोडवादीही नव्हते. ते एलाजाराचे लोक होते, बंडातलेच. रोमनांचे जोखड झुगारून आपल्यातल्याच एकाचे जोखड का घ्यायचे, हा त्यांचा युक्तिवाद जोसीफसने नोंदवला आहे. दावेदार नाकारण्याचे हे कारण फारसे चर्चिले जात नाही, पण मला ते अत्यंत महत्त्वाचे वाटते: मुक्ती हवी असणाऱ्यालाच मुक्तिदात्याची भीती वाटू शकते.

खरी कसोटी मात्र येशूच्या नंतर सुमारे शंभर वर्षांनी लागली, आणि आपल्याकडे तिच्याविषयी फारच थोडे बोलले जाते. इ.स. १३२ मध्ये शिमोन बर कोसिबा याच्या नेतृत्वाखाली यहूदियात पुन्हा बंड झाले. मंदिर पडून बासष्ट वर्षे झाली होती. पहिले मंदिर पडले आणि दुसरे उभे राहिले त्यामध्ये सुमारे सत्तर वर्षे गेली होती, तेव्हा आता आपल्या हयातीत मंदिर परत उभे राहील अशी आशा धरणे अगदी स्वाभाविक होते. आणि त्याच सुमारास सम्राट हेड्रियनने यरुशलेमच्या जागी रोमन देवतांचे नवे शहर वसवायला घेतले. बर कोसिबाने नाण्यांवर ‘इस्राएलच्या मुक्तीचे पहिले वर्ष’ असे छापले, तेही रोमन नाण्यांवरच नवे ठसे मारून. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला आणि पुन्हा १९६० च्या सुमारास यहूदियाच्या वाळवंटातील गुहांमध्ये त्याची पत्रे सापडली. त्यांत तो स्वतःला ‘इस्राएलचा नासी’, म्हणजे प्रमुख, म्हणवतो. ही पत्रे वाचताना कुठेही दिव्य पुरुष भेटत नाही. भेटतो तो एक करडा, घाईतला सेनानी, जो आज्ञा न पाळणाऱ्या हाताखालच्या अधिकाऱ्याला पायांत बेड्या घालीन अशी धमकी देतो आणि त्याच वेळी मांडवांच्या सणासाठी खजुरीच्या झावळ्या व महाळुंगासारखी एत्रोगची फळे छावणीत वेळेवर पोहोचावीत म्हणून गाढवे पाठवतो.

या माणसाला मसीहा म्हणून कुणी ओळखले? परंपरा सांगते, त्या पिढीतील सर्वश्रेष्ठ पंडित रब्बी अकिवा याने. ‘याकोबातून तारा निघेल’ हे बायबलातील ‘गणना’ या पुस्तकातले वचन त्याने बर कोसिबाला लावले आणि हाच राजा मसीहा असे म्हटले. ‘बर कोखबा’, ताऱ्याचा पुत्र, हे प्रचलित नाव त्यातूनच आले. अकिवा अडाणी नव्हता, कर्जबाजारी शेतकरी नव्हता, आणि त्याला कोणताही चमत्कार दाखवला गेला नव्हता. बाराव्या शतकात मायमोनिडीस या यहुदी पंडिताने आपल्या धर्मसंहितेत ही गोष्ट मुद्दाम नमूद केली आहे: अकिवाने किंवा इतर विद्वानांनी त्याच्याकडे चिन्ह मागितले नाही. त्यांनी काय पाहिले असेल? नियमशास्त्र पाळणारा, सण सांभाळणारा, देशाचा मोठा भाग प्रत्यक्ष मोकळा करणारा एक पुढारी. काम सुरू झालेले दिसत होते, आणि ते पुरे होईल असे मानण्याला आधार होता.

अकिवाच्या घोषणेवर त्याच्या समकालीन योहानान बेन तोर्ता याचे उत्तर रब्बींच्या चर्चांचा संग्रह असलेल्या यरुशलेमी तालमूदाने जपून ठेवले आहे: अकिवा, तुझ्या गालफडांतून गवत उगवेल आणि तरीही दावीदाचा पुत्र आलेला नसेल. मायमोनिडीस सगळ्या विद्वानांनी मान्यता दिली होती असे लिहितो, तेव्हा तो बेन तोर्ताला सोयीस्करपणे विसरतो. बंड इ.स. १३५ मध्ये बेतार या किल्ल्यात संपले. डिओ कॅशियस या रोमन इतिहासकाराने पन्नास किल्ले आणि ९८५ गावे उद्ध्वस्त झाल्याचे व पाच लाख ऐंशी हजार माणसे लढाईत मारली गेल्याचे लिहिले आहे. आकडे फुगवलेले असतील, पण यहूदियाच्या डोंगराळ भागातील यहुदी वस्ती मोडून पडली हे खरे. अकिवा रोमनांच्या हातून छळ सोसून मेला. बेन तोर्ता बरोबर ठरला. तो बरोबर का ठरला, हे मात्र तालमूद सांगत नाही. त्याच्याकडे अकिवापेक्षा अधिक पुरावा होता असे कुठेच दिसत नाही. होती ती बहुधा फक्त अधिक शंका.

हीच फूटपट्टी येशूला लावून पाहू. त्याचे पहिले सगळे अनुयायी यहुदी होते, आणि त्याच्या मृत्यूनंतर त्यांची स्वतःची प्रतिक्रिया लूकच्या शुभवर्तमानात अम्माऊसच्या वाटेवरील दोघांच्या तोंडी आली आहे: इस्राएलची मुक्तता करणारा तोच, अशी आमची आशा होती. हे विरोधकांचे बोल नाहीत, शिष्यांचे आहेत. वधस्तंभावरील मृत्यू हा दाव्याचा शेवट आहे असे त्यांनाही आधी वाटले, कारण फूटपट्टी तीच होती. शिवाय झाडावर टांगलेला माणूस देवाने शापिलेला असतो असे ‘अनुवाद’ म्हणते, आणि वधस्तंभावरचा ख्रिस्त यहुद्यांना अडखळण आहे हे पौल स्वतःच कबूल करतो. दुसऱ्या शतकात जस्टिन या ख्रिस्ती लेखकाने त्रिफो नावाच्या यहुद्याशी झालेला संवाद लिहिला. संवाद काही अंशी रचलेला असेल, पण प्रतिपक्षाच्या तोंडी घातलेले आक्षेप काल्पनिक वाटत नाहीत: मसीहाला दुःख भोगावे लागेल हे एक वेळ मान्य करू, पण शापित मरण का? आणि एलीया संदेष्टा येऊन त्याला अभिषेक करीपर्यंत तो मसीहा कसा?

एलीयाचा हा आक्षेप कोकणाला अपरिचित नाही. मलाखीच्या ग्रंथानुसार परमेश्वराच्या त्या महान दिवसाच्या आधी एलीया येणार आहे, आणि रायगडातील बेने इस्राएल समाज आजही मलिद्याच्या विधीत त्याच ‘एलियाहू हन्नाबी’चे स्मरण करून गूळ-खोबरे घातलेले पोहे वाटतो, अलिबागजवळ तो येऊन गेला अशी त्यांची श्रद्धा आहे. तो येऊन गेला, पण मसीहा आला असे त्या समाजाने म्हटले नाही.

आता ज्यांनी येशूला स्वीकारले त्यांची बाजूही तितक्याच न्यायाने मांडली पाहिजे. तो उठला आहे अशी त्यांची खात्री झाल्यावर त्यांनी फूटपट्टीच नव्याने वाचली: काम दोन भागांत होणार, एक झाला, दुसरा तो परत येईल तेव्हा. ही पळवाट आहे, आधी बाण मारून मग वर्तुळ काढणे आहे, असा आक्षेप यहुदी वादपटूंनी शतकानुशतके घेतला. मला तो आक्षेप पूर्ण पटत नाही. वचन वेळेत पुरे झाले नाही म्हणून ते नव्याने वाचणे ही अस्सल यहुदी रीत होती. यिर्मया संदेष्ट्याने बंदिवासासाठी सांगितलेली सत्तर वर्षे उलटली तेव्हा दानीएलाच्या ग्रंथाने ती वर्षांचे सत्तर आठवडे, म्हणजे ४९० वर्षे केली. कुमरानच्या हबक्कूकवरील भाष्यात अंतकाळ लांबला आहे, पण तो येणार, असे धीर देणारे वाक्य आहे. येशूच्या शिष्यांनी परंपरेबाहेरचे काही केले नाही. त्यांनी परंपरेतलेच एक हत्यार वापरले. फरक पडला तो पुढे, जेव्हा सुंता आणि आहाराचे नियम न पाळणारे परराष्ट्रीय मोठ्या संख्येने त्या पंथात आले आणि मोशेचे नियमशास्त्र बाजूला पडताना दिसू लागले. तेव्हा ‘अनुवाद’च्या तेराव्या अध्यायातला प्रश्न, हा आपल्याला कोणत्या दिशेने नेतो आहे, पुन्हा उभा राहिला, आणि बहुसंख्य यहुद्यांनी त्याचे नकारार्थी उत्तर दिले.

तोवर मात्र स्वीकारणारे व नाकारणारे एकाच शहरात, एकाच मंदिरात वावरत होते. येशूचा भाऊ याकोब याला इ.स. ६२ मध्ये अनानस या महायाजकाने ठार करवले, तेव्हा यरुशलेममधील नियमशास्त्राबाबत काटेकोर असणाऱ्या लोकांनीच त्याविरुद्ध तक्रार केली आणि अनानसचे पद गेले, असे जोसीफस लिहितो. त्या तक्रारदारांना याकोबाचा मसीहा मान्य होता असे समजण्याचे कारण नाही. दावा न पटणे आणि दावा मानणाऱ्याला शत्रू समजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांना कळत होते.

मायमोनिडीसने पुढे या सगळ्या अनुभवाचा नियम बांधला: दावीदाच्या घराण्यातला, नियमशास्त्राला धरून चालणारा आणि इस्राएलच्या लढाया लढणारा राजा हा मसीहा असल्याचे तात्पुरते गृहीत धरावे, मंदिर बांधले आणि विखुरलेले लोक गोळा केले तर निश्चित मानावे, मारला गेला तर तो नव्हता असे समजावे. या नियमात नाकारणाऱ्याला बक्षीस नाही आणि चुकीच्या माणसाला स्वीकारणाऱ्याला शिक्षाही नाही. अकिवाच्या बाबतीत तर ते उघडच दिसते. ज्याच्या शब्दाने लोक बेतारपर्यंत गेले, त्याचे निवाडे मिश्ना या यहुदी नियमसंग्रहाच्या पानापानांवर तसेच राहिले, त्याला कुणी खोडले नाही. वल्हांडण या मुक्तीच्या सणाच्या रात्री वाचल्या जाणाऱ्या हग्गादा या पोथीत पाच रब्बी बने बराक येथे रात्रभर मुक्तीची कथा सांगत बसले असा प्रसंग आहे आणि त्यांतला एक अकिवा आहे. १८७४ साली पुण्यात मराठी भाषांतरासह छापलेल्या हग्गादेतही तो आहे. बेन तोर्ताचे नाव त्या पंगतीत नाही.